मृतांविषयी खरे बोलावे

नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृतात्म्यांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. २ नोव्हेंबरला आपण दफनभूमीत जातो, आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि मिस्सासाठी नावांच्या लांबलचक याद्या धर्मगुरूंच्या हाती देतो. या स्मरणात प्रेम असते, विरह असतो, आशाही असते. त्याच स्मरणात एक नैतिक प्रश्न दडलेला असतो. त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

जिवंत माणसाविषयी आपण काही चुकीचे बोललो, तर तो उठून ‘मी तसा नाही’ असे ठणकावून सांगू शकतो. मृताला ती मुभा नाही. त्याच्याविषयी आपण जे बोलू, तेच लोकांच्या मनात राहते. मग त्याच्याविषयी खरे बोलण्याचे बंधन आपल्यावर कितपत आहे? मृतांविषयी चांगले तेवढेच बोलावे, असा संकेत आपण पाळतो, आणि तो सहसा योग्यच आहे. परंतु चांगले बोलण्याच्या ओघात खोटे बोलले गेले तर? ज्या माणसाविषयी आपल्याला अपार आदर वाटला, पण ज्याला आपली श्रद्धा, किंबहुना कोणतीच धर्मश्रद्धा मान्य नव्हती, त्याचे स्मरण आपण कसे करावे?

हा प्रश्न माझ्या मनात घोळू लागला तो डॉ. श्रीराम लागू यांच्या निधनानंतर. १७ डिसेंबर २०१९ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले. १६ नोव्हेंबर १९२७ रोजी साताऱ्यात जन्मलेले डॉ. लागू व्यवसायाने कान, नाक व घसा यांचे शल्यचिकित्सक होते. कॅनडा आणि इंग्लंड येथे त्यांनी पुढील शिक्षण घेतले. आफ्रिकेत टांझानियातही वैद्यकी केली. १९६९ साली, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी चालता व्यवसाय बाजूला सारून रंगभूमीला पूर्णपणे वाहून घेतले. २३ डिसेंबर १९७० रोजी ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला. वि. वा. शिरवाडकर यांचे हे नाटक गोवा हिंदु असोसिएशनने रंगभूमीवर आणले होते. त्यातील गणपतराव बेलवलकर ही भूमिका आणि डॉ. लागू ही दोन नावे तेव्हापासून मराठी मनात एकमेकांपासून वेगळी झालीच नाहीत. ज्यांना नाट्यगृहापर्यंत पोहोचता आले नाही, त्यांनी त्यांना ‘पिंजरा’, ‘सामना’, ‘सिंहासन’ या चित्रपटांतून पाहिले. आपल्या गावांतील मागची पिढी ‘पिंजरा’तील मास्तरांची शोकांतिका पाहून हळहळली होती, हे मी लहानपणी घरोघरी ऐकले आहे.

हे सारे सर्वांना ठाऊक आहे. ईश्वराचे अस्तित्व त्यांना मान्य नव्हते, हेही महाराष्ट्राला तितकेच ठाऊक आहे. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. देवाला आता निवृत्त करावे, असे त्यांनी उघडपणे मांडले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यासमवेत गावोगाव होणाऱ्या जाहीर संवादांतही त्यांची भूमिका ठाम असे. दाभोलकरांचा रोख अंधश्रद्धेवर होता, डॉ. लागू त्यापुढे जाऊन ईश्वराची संकल्पनाच नाकारीत. लोकप्रिय नटाने असे बोलणे सोपे नसते. प्रेक्षक हाच त्याचा अन्नदाता, आणि प्रेक्षकांपैकी बहुतेक श्रद्धावान. तरीही त्यांनी आपले मत मवाळ केले नाही.

अशा माणसाशी माझी गाठ पडली ती एकदाच, तीही मिनिटभरासाठी. १९९९ नंतरचा काळ. मी पुण्याला सेमिनरीत होतो. तत्त्वज्ञानाचा अभ्यास आटोपून ईशज्ञानाचे शिक्षण चालू होते. मकरंद साठे यांचे ‘सूर्य पाहिलेला माणूस’ हे सॉक्रेटिसच्या जीवनावरील नाटक अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केले होते, आणि त्यात सॉक्रेटिसची भूमिका डॉ. लागू करीत होते. त्यांनी सत्तरी ओलांडली होती. इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये अथेन्सच्या न्यायसभेने सॉक्रेटिसला मृत्युदंड दिला, तेव्हा त्याचे वयही सत्तरच्या आसपास होते. ज्या तत्त्ववेत्त्याचे संवाद आम्ही परीक्षेसाठी वाचले होते, तो हाडामांसाचा होऊन समोर उभा राहिला होता. सत्य ही केवळ पाठांतराची गोष्ट नाही, त्यासाठी किंमत मोजावी लागते, हे वर्गातील व्याख्यानांनी मला जेवढे पटले होते, त्याहून अधिक त्या संध्याकाळी पटले.

प्रयोगानंतर काही प्रेक्षक रंगपटाकडे निघाले. त्यांच्या मागोमाग मीही गेलो. डॉ. लागू खुर्चीत बसले होते. एवढी मोठी भूमिका पार पाडल्याचा थकवा चेहऱ्यावर दिसत होता. माझी पाळी आली. मी हात जोडले. ते उठून उभे राहिले, त्यांनीही हात जोडले. मी सेमिनरीत शिकतो, एवढेच मी सांगू शकलो. माझ्या गळ्यात साधा लाकडी क्रूस होता. त्यांची नजर त्यावर गेली, मग माझ्या चेहऱ्याकडे आली. त्यांनी किंचित स्मित करून मान हलवली. पाठीमागे आणखी माणसे उभी होती. मी बाजूला झालो.

भेट म्हणावी तर एवढीच. पुढे धर्मग्रामातील तरुणांच्या बैठकांत, कधी एखाद्या घरी जेवणानंतरच्या गप्पांत मी ती सांगितली आहे, आणि मला एक गोष्ट हमखास आढळली आहे. ऐकणारे ती आठवण तेवढीच राहू देत नाहीत. कोणी म्हणतो, “फादर, क्रूस पाहून ते हसले, म्हणजे त्यांना आत काहीतरी जाणवले असणार.” कोणी म्हणते, “वरवर नाही म्हणत असतील. एवढा मोठा कलावंत मनातून देव मानल्याशिवाय राहील का?” तर कोणी माझेच महत्त्व वाढवतो: “केवळ तुमच्यासाठी ते उठून उभे राहिले!” या बोलण्यात वाईट हेतू तिळमात्र नसतो, असते ते प्रेमच. आवडत्या माणसाला आपल्या अंगणात आणून बसवावे, असे कोणाला वाटत नाही?

परंतु नेमक्या याच ठिकाणी सावध व्हायला हवे. मी काय पाहिले? एक वृद्ध नट उठून उभा राहिला, त्याने नमस्कार केला, क्रूसाकडे पाहिले, स्मित केले. याव्यतिरिक्त जे काही आहे, ते माझ्या आणि श्रोत्यांच्या मनाचे आहे. ते उठले ते कदाचित समोर येणाऱ्या प्रत्येकासाठी उठत असतील. ते स्मित सौजन्याचे असेल, थकव्याचे असेल, ‘हा मुलगा आपल्या वाटेने निघाला आहे’ अशा कौतुकाचेही असेल. आठवी आज्ञा आपल्याला शेजाऱ्याविषयी खोटी साक्ष देण्यास मनाई करते. निंदा केली तरच ती आज्ञा मोडते, असे आपण समजतो. पण जे माणसाने आयुष्यभर स्पष्टपणे नाकारले, ते त्याच्या मृत्यूनंतर कौतुकाने त्याच्या नावावर जमा करणे, हीदेखील खोटी साक्षच नव्हे काय? शेजारी मेला म्हणून तो शेजारी राहत नाही, असे त्या आज्ञेत कुठेही सुचवलेले नाही.

नटांच्या बाबतीत तर ख्रिस्ती परंपरेने दोन्ही टोके पाहिली आहेत. एके काळी फ्रान्समध्ये, आपला व्यवसाय सोडल्याची शपथ न घेता मरणाऱ्या नटाला ख्रिस्ती दफन नाकारले जाई. १६७३ साली थोर नाटककार व नट मोलिएर वारला, तेव्हा राजाने मध्यस्थी केल्यावर त्याचे दफन रात्रीच्या अंधारात उरकावे लागले. दुसऱ्या टोकाला संत जेनेसियसची आख्यायिका आहे. हा रोमन नट रंगमंचावर ख्रिस्ती बाप्तिस्म्याची थट्टा करीत होता, आणि त्या नाटकातल्या पाण्यानेच त्याचे खरे परिवर्तन झाले. तिथल्या तिथे त्याने ख्रिस्ताची कबुली दिली आणि तो रक्तसाक्षी झाला. नटांचा आश्रयदाता संत म्हणून त्याचे स्मरण केले जाते. कथा सुंदर आहे. अडचण एवढीच की प्रत्येक नट जेनेसियस व्हावा, असे मग आपल्याला वाटू लागते. प्रयोग संपतो, नट घरी जातो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच नट येतो आणि आपल्या विचारांवर ठाम राहतो, ही गोष्ट आपल्याला अपुरी वाटते. एका काळाने नटाला दारातून हाकलले; आपला काळ त्याला न विचारताच आत ओढू पाहतो. दोन्ही प्रसंगी तो स्वतः कोण होता, हे ऐकून घ्यायला कोणी थांबत नाही.

प्रभू येशूने याबाबत आपल्याला एक धडा घालून दिला आहे, असे मला वाटते. चांगल्या शोमरोन्याचा दाखला लहानथोरांना तोंडपाठ आहे. शोमरोनी माणूस यहुद्यांच्या दृष्टीने भ्रष्ट श्रद्धेचा. तो त्यांच्या मंदिरात उपासना करीत नसे. त्याच्याकडून झालेली दया येशूने तपशिलाने सांगितली: जखमांवर ओतलेले तेल व द्राक्षारस, आपल्या जनावरावर बसवून नेणे, उतारशाळेच्या मालकाला दिलेले पैसे. पण कथेच्या शेवटी तो शोमरोनी यरुशलेमला गेला आणि मंदिरात त्याने बळी अर्पण केला, असे येशू सांगत नाही. तो मनातून यहुदीच होता, असेही सांगत नाही. शोमरोनी शेवटपर्यंत शोमरोनीच राहतो, आणि म्हणूनच प्रश्न विचारणाऱ्या शास्त्र्याला ती कथा बोचते. त्याला आपल्यातला करून टाकला असता, तर कथेतील धारच नाहीशी झाली असती.

आमच्या पिढीने सेमिनरीत कार्ल राहनर या जर्मन ईशज्ञान्याचा विचार अभ्यासला. सदसद्विवेकबुद्धीला जागून जगणारा माणूस ख्रिस्ताचे नाव न घेताही त्याच्या कृपेत जगत असतो, असे सांगताना त्यांनी ‘अनामिक ख्रिस्ती’ हा शब्दप्रयोग केला. देवाच्या कृपेला आपण कुंपण घालू शकत नाही, हे त्यातील सत्य मोलाचे आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनेही, आपला दोष नसताना ईश्वराच्या स्पष्ट ओळखीपर्यंत न पोहोचलेल्या पण चांगले जीवन जगू पाहणाऱ्या माणसांना देव तारणासाठी आवश्यक ते साहाय्य नाकारीत नाही, असे १९६४ सालीच शिकवले. परंतु ही शिकवण देवाच्या औदार्याविषयी आहे. समोरच्या माणसाच्या कपाळावर चिकटवण्याची ती चिठ्ठी नव्हे. सत्य कोणीही उच्चारले, तरी त्याचा उगम पवित्र आत्म्यात आहे, असे संत थॉमस अक्वायनस मानीत. तेही विधान सत्याविषयी आहे. बोलणाऱ्याच्या अंतःकरणाचा पंचनामा करण्याचा अधिकार त्यातून कोणाला मिळत नाही.

उलट, १९६५ साली त्याच विश्वपरिषदेने आपल्यालाच एक अवघड प्रश्न विचारला. नास्तिकतेच्या वाढीला श्रद्धावंतांचाही हातभार लागतो, कारण आपल्या वागण्याने आपण देवाचे खरे रूप दाखवण्याऐवजी झाकून टाकतो, असे तिने स्पष्ट म्हटले. ‘ते मनातून आस्तिकच होते’ असे म्हटले की हा प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही. डॉ. लागूंचा नकार जसा होता तसा मान्य केला, तरच तो आपल्याला जाब विचारू शकतो: भीतीपोटी केलेले नवस, देवाच्या नावाने चालणारा व्यापार, दुर्बलाचे शोषण पाहूनही गप्प बसणारी भक्ती, हे सारे तुमच्या घरात नाही काय?

वाचकांना वाटेल, एका प्रसिद्ध नटाविषयी हा ऊहापोह आपल्या धर्मग्रामात कशासाठी? पण हा प्रश्न आपल्या घरांतही आहे. कोणाचा मुलगा वीस वर्षे चर्चची पायरी चढलेला नसतो. कोणाचे वडील कामगार चळवळीत गेले आणि तेव्हापासून त्यांनी प्रार्थना सोडली. ही माणसे वारतात, तेव्हा कुटुंबीयांची केवढी कुचंबणा होते, हे मी जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी असेच एक गृहस्थ वारले. भूमिहीनांसाठी ते आयुष्यभर झिजले होते, पण चर्चमध्ये येत नसत, आणि का येत नाही हे सर्वांना सांगत. अखेरच्या दुखण्यातही त्यांचे मत बदलले नव्हते. दफनविधी व्हावा अशी घरच्यांची इच्छा होती, आणि बिशपांशी बोलून मी तो केला. विधीपूर्वी एका नातलगाने मला बाजूला घेऊन सुचवले, “प्रवचनात एवढे म्हणा फादर, की शेवटी ते देवाकडे वळले होते. लोकांची तोंडे बंद होतील.” मी तसे म्हणालो नाही. त्यांनी कोणाकोणासाठी काय केले, ते मी सांगितले. ते कोणती वाट चालले, हेही आडपडदा न ठेवता सांगितले. आणि मग त्यांना देवाच्या दयेवर सोपवून प्रार्थना केली. काही दिवसांनी त्यांच्या पत्नी भेटल्या. म्हणाल्या, “फादर, तुम्ही आमच्याच माणसाला माती दिलीत, दुसऱ्या कोणाला नाही.”

येथे एक आक्षेप येतो, आणि तो वाजवी आहे. मृताच्या मतांचा एवढा आदर करायचा, तर त्याच्यासाठी प्रार्थना तरी कशी करावी? ज्याने देव नाकारला, त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करणे ही त्याच्यावरची जबरदस्ती नाही काय? मला वाटते, साक्ष आणि प्रार्थना यांतील फरक येथे लक्षात घ्यावा. साक्ष माणसांपुढे दिली जाते; तीत आपण मृत माणूस कोण होता हे सांगत असतो, म्हणून तिला सत्याचे बंधन आहे. प्रार्थना देवापुढे होते. तीत आपण मृताविषयी कोणताच दावा करीत नाही, त्याला फक्त सोपवून देतो. त्याचे अंतःकरण देवाला ठाऊक आहे; मला नाही. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार धर्मगुरू जिवंत वा मृत अशा कोणासाठीही मिस्सा अर्पण करू शकतो. डॉ. लागूंच्या निधनाची बातमी आली त्या आठवड्यात मी एक मिस्सा त्यांच्यासाठी अर्पण केली. नाव फलकावर लिहिले नाही, वेदीवरून उच्चारलेही नाही. तसे केले असते तर ती लोकांपुढची साक्ष झाली असती. ज्याच्याकडून मला काही मिळाले त्याची आठवण मी माझ्या पित्याजवळ काढावी, एवढाच तिचा अर्थ होता.

कृतज्ञता ही याच कारणासाठी अवघड गोष्ट आहे. ऋण ज्याचे आहे, त्याचेच ते मानावे लागते. माझ्यावरील ऋण त्या मिनिटभराच्या भेटीचे नाही. ते त्याआधी रंगमंचावर त्यांनी वेचलेल्या कष्टांचे आहे. डॉ. लागूंनी आपल्या आत्मचरित्राला ‘लमाण’ हे नाव दिले. बैलांच्या पाठीवर ओझी लादून एका गावचा माल दुसऱ्या गावी पोहोचवणारा तो लमाण. मालाची मालकी सांगत न बसता तो शाबूत पोहोचवायचा, हा त्याचा धर्म. आम्ही धर्मगुरू तरी वेगळे काय करतो? शब्द आमचा नसतो. तो वाटेत न सांडता पोहोचवणे, हेच आमचे काम. या एका बाबतीत तो नास्तिक नट माझा गुरू आहे, असे म्हणताना मला संकोच वाटत नाही, आणि त्यासाठी त्यांना आस्तिक ठरवण्याची गरजही भासत नाही.

त्यांच्या जीवनातील आणखी दोन गोष्टी येथे नोंदवतो. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून उभारलेल्या ‘सामाजिक कृतज्ञता निधी’साठी डॉ. लागू, निळू फुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आचार्य अत्रे यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले. समाजाने आपल्याला जे दिले, त्याची अंशतः परतफेड, ही त्यामागची भावना त्या निधीच्या नावातच आहे. दुसरी गोष्ट त्यांच्या दुःखाची. त्यांचा तरुण मुलगा तन्वीर रेल्वेगाडीवर कोणीतरी भिरकावलेला दगड लागून दगावला. पुढे त्यांनी व त्यांच्या पत्नी दीपा श्रीराम यांनी मुलाच्या नावाने ‘तन्वीर सन्मान’ सुरू केला; २००४ पासून रंगभूमीची सेवा करणाऱ्यांना तो देण्यात येऊ लागला. आपण श्रद्धावंत अशा प्रसंगी पुनरुत्थानाच्या आशेला धरून उभे राहतो. तो आधार ज्यांनी मानला नाही, त्यांनीही आपल्या दुःखातून दुसऱ्यांसाठी काही निर्माण केले. ते कशाच्या बळावर, हे मी सांगू शकत नाही. त्यांनी ते केले, हे सांगू शकतो. आणि तेवढे सांगितले तरी आपल्याला विचार करायला पुरेसे आहे.

एक शेवटचा मुद्दा. मृत्यूनंतर काहीच उरत नाही, असे मानणाऱ्याने मृताविषयी थोडेफार कमीजास्त सांगितले, तर ते उघडकीस येण्याची भीती त्याला नसावी. आपली गोष्ट तशी नाही. आपण दर रविवारी मृतांचे पुनरुत्थान होणार, असे कबूल करतो. आपला त्यावर खरोखर विश्वास असेल, तर ज्यांच्याविषयी आपण आज बोलत आहोत, त्यांची व आपली एक दिवस समोरासमोर गाठ पडणार आहे. आपल्या श्रद्धेनेच आपल्या जिभेवर हे बंधन घातले आहे. म्हणून यंदा मिस्सासाठी नावे लिहून देताना प्रत्येक नावापाशी क्षणभर थांबावे, आणि त्या माणसाविषयी मुलांना एखादी खरी गोष्ट सांगावी. तो जे मानत होता ते, जे मानत नव्हता तेही. त्याने जे दिले ते, आणि जे त्याला जमले नाही तेही. बाकीचे देवावर सोपवावे. आपण सांगितलेल्या आठवणीत त्या माणसाला, आपली पुन्हा भेट होईल त्या दिवशी, स्वतःचा चेहरा ओळखता यावा.